माघ-फाल्गुनात ज्येष्ठांच्या हातांना काय काम द्यावे?

वाचकाचे पत्र, संक्षेपाने: "मी नागपुरात ज्येष्ठ नागरिकांच्या एका डे-केअर केंद्रात मदतनीस म्हणून काम करते. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळात आमच्याकडे बावीस ज्येष्ठ येतात. त्यांपैकी पाच-सहा जणांना विस्मरणाचा आजार आहे, दोघांना पक्षाघात होऊन गेला आहे आणि बहुतेकांची बोटे दुखतात. संक्रांतीनंतर मी मोबाइलवर पाहून कागदाची फुले आणि कापसाचा हिममानव करायला घेतला, तेव्हा एका निवृत्त शिक्षकांनी कागद माझ्याकडे परत सरकवला आणि 'हे बालवाडीतले काम मला का देता?' असे शांतपणे विचारले. मला फार ओशाळल्यासारखे झाले. इतर पुरुष तर 'हे बायकांचे काम' म्हणून टेबलाजवळही येत नाहीत. होळीपर्यंतच्या या दिवसांत थोड्या खर्चात काय करता येईल? सोमवारपासून नव्याने सुरुवात करायची आहे."

सप्रेम नमस्कार, ताई.

तुम्ही ओशाळलात याचा अर्थ तुम्हाला त्यांचे म्हणणे कळले, आणि माझ्या मते त्या गुरुजींनी तुमच्यावर उपकारच केले आहेत. बहुतेक ज्येष्ठ असे बोलून दाखवत नाहीत. ते डोळे मिटून बसतात किंवा चहा कधी येणार असे विचारतात, आणि आपण नोंदवहीत "आज सहभाग घेतला नाही" असे लिहून मोकळे होतो. नागपुरात ज्यांचा सारा जन्म गेला त्यांच्या हिवाळ्यात बर्फ कधी नव्हताच. त्यांच्या सरत्या हिवाळ्यात गोधड्या उन्हात पडतात, तुरीच्या शेंगा सोलायला घेतल्या जातात, कापसाची शेवटची वेचणी घरी येते, बाजारात मृग बहाराची संत्री दिसू लागतात आणि फाल्गुनाच्या तोंडावर शहराबाहेरच्या रस्त्यांना पळस पेटतो. तुमचे सगळे साहित्य या यादीतच आहे, आणि त्यातले बरेचसे फुकट किंवा फुकटासारखेच मिळते.

माझे सांगणे एवढेच आहे की काम लहान असावे, पण लहान मुलांचे नसावे. कोणतेही काम टेबलावर ठेवण्यापूर्वी स्वतःला दोन प्रश्न विचारा. तयार झालेली वस्तू कोणाच्या तरी घरात खरोखर वापरली जाईल का, आणि हे काम टेबलाभोवती बसलेल्यांपैकी एखाद्याला तरी तुमच्यापेक्षा चांगले येते का? दोन्हींचे उत्तर "हो" असेल तर ते काम घ्या. दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण डे-केअरमध्ये येणाऱ्या माणसाला दिवसभर कोणी ना कोणी काहीतरी सांगत असते: गोळी घ्या, इथे बसा, सावकाश उठा. तासभर तरी त्याने दुसऱ्याला सांगावे आणि दुसऱ्याने ऐकावे, अशी सोय हातकामात करता येते.

सुरुवात कापसाच्या वातींपासून करा. माझी आत्या शेवटच्या तीन वर्षांत आम्हा कोणालाच नावाने ओळखत नव्हती, आणि दुपारी तिची चिडचिड होत असे. एके दिवशी माझी आई तिच्याजवळ बसून वाती वळत होती. आत्याने थोडा वेळ पाहिले, आईच्या हातातला कापूस ओढून घेतला आणि म्हणाली, "काहून वो, इतका घट्ट काहून पिळतेस? तेल कसं चढंल त्याच्यात?" मग तिने कापसाचा पुंजका बोटांनी विसकटून मोकळा केला, त्यातला कचरा निपटला, समोरच्या वाटीतल्या राखेला अंगठा लावला आणि एका दमात पंधरा-वीस वाती वळल्या. प्रत्येक वात मधे भरलेली आणि टोकाला निमुळती होती. विस्मरणाच्या आजारात नावे, तारखा आणि काल काय घडले हे लवकर पुसले जाते, पण वर्षानुवर्षे हातांनी केलेली कामे पुष्कळ काळ टिकून राहतात. म्हणून तुमच्या त्या पाच-सहा जणांसाठी नवे काही शिकवायला जाऊ नका, त्यांच्या हातांत आधीपासून जे आहे ते शोधा.

वातींमध्ये प्रत्येकाच्या कुवतीचे काम निघते, हा त्यांचा दुसरा गुण. शक्य असल्यास एखाद्या कर्मचाऱ्याच्या गावाकडून सरकीसकट दोन-तीन किलो कापूस मागवा. सरकी काढण्याला फारशी नजर लागत नाही, बोटांनी चाचपून ती सापडते. त्यामुळे मोतीबिंदू असलेले आजोबाही हे काम करू शकतात, आणि ज्यांनी शेती केली आहे ते कापूस हातात घेताच त्याच्या धाग्याविषयी बोलू लागतात. दुसऱ्याने तो विंचरून मोकळा करावा. ज्यांची बोटे चालतात त्यांनी फुलवाती कराव्यात: कापसाची रुपयाएवढी पातळ चकती घ्यायची, मधोमध चिमूटभर कापूस ठेवायचा, कडा वर गोळा करायच्या आणि बोटाला दुधाचा किंवा राखेचा हात लावून टोक पिळायचे. पक्षाघातामुळे ज्यांचा एकच हात चालतो त्यांना लाकडी पाट द्या. पाटावर कापसाची पट्टी ठेवून तळहाताने पुढे-मागे फिरवली की समईची लांब वात एका हाताने वळता येते. पाट सरकू नये म्हणून त्याखाली ओला पंचा पिळून अंथरावा. गेजवस्त्रे त्याहून थोडी नाजूक. कापसाच्या पट्टीला ठरावीक अंतरावर चिमटे घेत जायचे आणि प्रत्येक चिमट्यावर ओल्या कुंकवाचा ठिपका द्यायचा. ज्यांचा हात कापतो त्यांना हा ठिपका देणे अवघड जाते, त्यांना मोजणीला बसवावे.

पांढरा कापूस पांढऱ्या टेबलावर ठेवू नका. वयोमानाने रंगांमधला फरक ओळखणे कठीण होते आणि पांढऱ्यावरचे पांढरे दिसेनासेच होते. काळे किंवा गडद निळे कापड अंथरले की त्याच आजींना चष्मा न बदलता दिसू लागते. कापसाचे बारीक तंतू उडतात, म्हणून दम्याच्या किंवा जुन्या खोकल्याच्या माणसांना विंचरण्यापासून लांब, खिडकीजवळ बसवा आणि तयार कापूस द्या. वाती पेटवून पाहण्याचा मोह मात्र टाळा. या दिवसांत सगळ्यांच्या अंगावर शाली असतात, पदर सैल असतात आणि स्वेटर बहुधा कृत्रिम लोकरीचे असतात, जे पेटले तर अंगाला चिकटतात.

माघ वद्य चतुर्दशीला महाशिवरात्र येते आणि तोपर्यंत वातींना मागणी असते. पाच, अकरा, एकवीस अशा पुड्या बांधा आणि येथेच तुमच्या गुरुजींना बोलवा. त्यांच्यापुढे कापूस ठेवू नका. पुड्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्यांसाठी जाड कागद, बोरू किंवा चपट्या टोकाचे पेन आणि शाई त्यांच्यासमोर ठेवा आणि सांगा, "सर, आमच्यापैकी कोणाचे अक्षर चांगले नाही. एवढ्या चिठ्ठ्या तुम्ही लिहून द्याल का?" हे खोटे बोलणे नव्हे, तुम्हाला खरोखरच सुवाच्य अक्षर हवे आहे. फळ्यावर आयुष्य घालवलेल्या माणसाचे वळणदार अक्षर हीसुद्धा हस्तकलाच आहे. त्यांना "आजोबा" म्हणू नका. जे शाळेत सर होते ते सर, ज्या बाई होत्या त्या बाई; बाकीच्यांना काका, काकू, मावशी यांपैकी काय आवडते ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

आता इतर पुरुषांविषयी. नागपुरात संक्रांत म्हणजे पतंग. सत्तरीतल्या अनेक काकांचे बालपण गच्चीवर "ओ काट" ओरडण्यात गेले आहे, तेव्हा त्यांच्यापुढे फाटके पतंग ठेवा. जानेवारीच्या शेवटी तारांवर, झाडांवर आणि गच्च्यांवर कटलेल्या पतंगांचा खच असतो; केंद्राच्या आसपासच्या मुलांना सांगितले तर ते दोन दिवसांत पोतेभर आणून देतील. फाटक्या कागदाला खळ लावून ठिगळ देणे, कामट्या सोडवून वेगळ्या करणे, धड कामट्यांवर नवा कागद ताणणे आणि कन्नी बांधणे ही सगळी कामे बसून होतात. कन्नीची गाठ नेमकी कुठे मारायची, यावर दोन काकांचे एकमत होणार नाही. तो वाद मोडू नका, कारण त्या वादासाठीच ते टेबलाजवळ आले आहेत. खळ मैद्याची घरीच शिजवा आणि कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालण्याची जुनी पद्धत येथे मात्र टाळा, मोरचूद पोटात गेले तर विषारी असते. रोज ताजी, वाटीभर खळ पुरते. मुलांनी पतंगांसोबत आणलेला मांजा टेबलापर्यंत येऊ देऊ नका. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो अजून झाडांना लटकलेला आढळतो, आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या माणसाच्या बोटाला त्याची चीर पडली तर रक्त लवकर थांबत नाही. दुरुस्त झालेले पतंग पुढच्या संक्रांतीला त्याच मुलांना परत द्यायचे, असे आधीच ठरवून टाका.

संत्री नागपूरकरांना शिकवायची गरज नाही. आपल्या संत्र्याची साल सैल असते, त्यामुळे आखडलेल्या बोटांनाही ती सोलता येते, आणि सोलताना जो वास सुटतो त्याने टेबलाभोवतीची माणसे आपोआप बोलती होतात. फोडी खाऊन झाल्यावर साली फेकू नका. मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना संत्री वर्ज्य सांगितली आहेत त्यांची नावे तेवढी आधी पाहून ठेवा. सालीच्या आतला पांढरा भाग चमच्याने खरवडून काढावा, बोटभर रुंदीच्या पट्ट्या कराव्यात आणि सुपात घालून उन्हात ठेवाव्यात. या दिवसांतल्या कोरड्या हवेत त्या चार-पाच दिवसांत कडकडीत वाळतात. त्यात थोड्या लवंगा, दालचिनीचे तुकडे आणि वाळलेला गवती चहा मिसळून जुन्या सुती साडीच्या पुरचुंड्या बांधाव्यात. लोकरीचे कपडे आता पेटीत जाणार, आणि त्यांच्या घड्यांमध्ये ठेवायला प्रत्येक घरात अशी पुरचुंडी लागते. शिवणाची गरज नाही. तळहाताएवढे चौकोनी कापड, मधे चमचाभर साल आणि वरून दोऱ्याचे दोन वेढे, इतके पुरते. गाठ बसत नसेल तर मदतनीसाने मारावी. कापडाचा रंग निवडणे, वास घेऊन लवंग कमी-जास्त करणे आणि हाताने भरणे हे ज्येष्ठांचे काम, आणि ते पुरेसे आहे.

ज्यांना सुई धरता येते त्यांच्यासाठी या महिन्यात गोधडीसारखे काम नाही. थंडी संपत आली की गोधड्या उन्हात पडतात आणि उसवलेल्या जागा नजरेस येतात, म्हणजे हा डागडुजीचाच ऋतू आहे. मोठी गोधडी मांडीवर पेलवत नाही आणि पूर्णही होत नाही, म्हणून तान्ह्या बाळाचे दुपटे घ्या. दोन जुन्या, मऊ पडलेल्या सुती साड्यांचे तुकडे एकावर एक ठेवून चारही बाजूंना कच्चा दोरा घालून द्यावा, वर खडूने सरळ रेषा मारून द्याव्यात आणि त्या रेषांवरून धावदोरा घालायला सांगावे. टाके लहान-मोठे आले तरी दुपटे बिघडत नाही, हातशिवणीच्या दुपट्याचे रूपच तसे असते. सुयांमध्ये दोरा ओवणे हे ज्येष्ठांना सर्वांत जाचक वाटणारे काम, म्हणून मदतनीसाने सकाळीच मोठ्या नेढ्याच्या वीस सुया ओवून एका उशीत टोचून ठेवाव्यात. किती सुया दिल्या हे लिहून ठेवा आणि उठण्यापूर्वी तितक्याच परत मोजून घ्या. ज्यांचा मधुमेह जुना आहे त्यांच्या बोटांना टोचलेले कळत नाही, त्यांना अंगुस्तान द्यावे किंवा त्यांच्याकडून तुकड्यांची रंगसंगती लावून घ्यावी. एकाच दुपट्याच्या दोन बाजूंना दोघी समोरासमोर बसल्या की त्यांच्या गप्पा माहेरच्या गावापर्यंत जातात. तयार झालेले दुपटे कोणत्या बाळाला जाणार हे त्यांना आधी माहीत असेल तर हाताला वेगळीच गती येते. तुमच्या कर्मचाऱ्यांपैकी कोणाच्या घरी बाळ येणार असेल तर तिथूनच सुरुवात करा.

रथसप्तमीला सूर्याचा रथ काढायची आपल्याकडे रीत आहे. जमिनीवर वाकणे आता शक्य नसते, म्हणून मोठी परात टेबलावर ठेवा, तिच्या तळाशी गडद कापड किंवा ओलसर गेरू लावा आणि त्यावर रांगोळी काढू द्या. रांगोळीची पूड उडते, ज्यांना दमा आहे त्यांना झेंडू आणि शेवंतीच्या पाकळ्या द्याव्यात. याविषयी अधिक सांगण्याची गरज नाही, तुमच्या केंद्रातल्या काकूंना ठिपके किती आणि ओळी किती हे माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असणार.

पळसाविषयी मात्र मला सविस्तर लिहायचे आहे. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात नागपूरच्या चारही दिशांना पळस फुलू लागतो आणि मार्चमध्ये त्याची पाने झडून नुसती केशरी फुले उरतात. रासायनिक रंग घरोघरी येण्यापूर्वी विदर्भात याच फुलांचा रंग काढून होळी खेळली जात असे, आणि तुमच्याकडच्या ज्येष्ठांपैकी अनेकांनी तो हंड्यात उकळताना पाहिला असेल. फुले झाडावरून तोडू नका, पहाटे झाडाखाली जो सडा पडतो तोच टोपलीभर वेचून आणायला सांगा. टोपली टेबलावर आली की पहिला तास निवडण्यात जाऊ द्या. फुलाचा काळपट, मखमली देठ काढून पाकळ्या वेगळ्या करायच्या असतात. हे काम अतिशय हलके असते आणि त्या देठाचा मऊपणा बोटांना सुखावतो. ज्यांना आता बोलता येत नाही अशी माणसेसुद्धा त्या फुलांवरून बोट फिरवत बसलेली मी पाहिली आहेत. पाकळ्या रात्रभर पाण्यात भिजत घालून दुसऱ्या दिवशी मदतनीसाने स्वयंपाकघरात अर्धा तास उकळाव्यात आणि गाळून, पूर्ण कोमट झाल्यावरच रंग टेबलावर आणावा.

त्यात रंगवायला पांढरे सुती हातरुमाल घ्या, पण नवे असतील तर आधी गरम पाण्यात धुऊन त्यांची कांजी काढून टाका. सुती कापडावर हा रंग नुसता बसत नाही. कापड आदल्या दिवशी हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवावे आणि नंतर तुरटीच्या पाण्यात बुडवावे. शंभर ग्रॅम कापडाला दहा ते पंधरा ग्रॅम तुरटी पुरते. तुरटीमुळे पिवळा रंग खुलतो आणि रंगाच्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला तर तो केशरीकडे झुकतो. रुमाल बुडवण्यापूर्वी त्यात हरभऱ्याचे दाणे ठेवून दोऱ्याने बांधले तर सोडल्यावर तिथे पांढरी कडी उमटते. दोरा बांधायला घट्ट पकड लागते, ती नसेल तर रबर चालते, आणि तेही जमत नसेल तर रुमालाची घडी घालून कपड्यांचे चिमटे लावावेत. चिमट्याची खूणही सुरेख येते. गाठ सोडण्याचे काम ज्याने ती बांधली त्यानेच करावे, हे कटाक्षाने पाळा. रुमाल उलगडतानाचा तो क्षण त्याचा आहे, मदतनीसाने घाईने सोडून "हे बघा किती छान" म्हणून वर धरू नये. हा रंग पक्का नसतो, म्हणून रुमाल सावलीत वाळवा आणि ज्याला द्याल त्याला वेगळा धुवायला सांगा. उरलेले रंगाचे पाणी, ज्यात तुरटी किंवा सोडा टाकलेला नाही ते, रंगपंचमीसाठी बाटलीत भरून दोन दिवस थंड जागी ठेवता येते. त्याहून अधिक काळ ते टिकत नाही.

होळीसाठी शेणाच्या चाकोल्यांची, म्हणजे मधे भोक असलेल्या लहान गोवऱ्यांची माळ हा आपल्याकडचा जुना प्रकार आहे आणि कोणीतरी आजी तो विषय काढतीलच. केंद्राला अंगण असेल तर तिथे, ज्यांच्या हातावर जखम किंवा चीर नाही अशांनाच तो करू द्यावा, नंतर साबणाने हात धुऊन खोबरेल लावावे, आणि वाळायला पुरेसे ऊन मिळावे म्हणून निदान आठ-दहा दिवस आधी सुरुवात करावी. अंगण नसेल तर आजींनी सांगावे आणि शेजारच्या मुलांनी करावे, आजींना ते अधिक आवडेल असा माझा अनुभव आहे. साखरेच्या गाठी मात्र टेबलावर ठेवू नका. मधुमेही माणसासमोर तासभर साखरेची माळ ठेवून "खाऊ नका" म्हणणे मला बरे वाटत नाही. हलव्याच्या दागिन्यांबाबतही माझे हेच मत आहे.

काही वस्तू टेबलावर येताच कामा नयेत. महाशिवरात्रीच्या सुमारास धोतऱ्याची फळे आणि फुले पूजेसाठी घरोघरी येतात, आणि धोतरा पोटात गेला तर भ्रम होतो व जिवावर बेतू शकते. लाल-काळ्या गुंजा दिसायला मोहक, पण चावल्या गेल्या तर प्राणघातक ठरतात. विस्मरणाच्या आजारात माणूस हातातली वस्तू तोंडात घालू शकतो, म्हणून त्या पाच-सहा जणांच्या टेबलावर मणी, गुंडी, सरकी किंवा कोरडे हरभरे मोकळे ठेवू नका. त्यांना सरकी काढलेला कापूस, पाकळ्या आणि कापडाचे मोठे तुकडे द्या. वाटीतला रंग आणि वाटीतला चहा एकाच वेळी टेबलावर नकोत, आणि कपात तर रंग कधीच ओतू नका.

वेळ साडेदहा ते साडेअकराची ठेवा. माघात सकाळी बोटे आखडलेली असतात. आधी पाच मिनिटे कोमट पाण्यात हात बुडवून, नीट पुसून, अंगणातल्या उन्हात थोडे बसले की ती मोकळी होतात. पाण्याचा कढ आधी स्वतःच्या कोपराने पाहा. फाल्गुन लागला की नागपूरचे ऊन अकरानंतर चटका देऊ लागते, तेव्हा बैठक सावलीत हलवा आणि प्रत्येकासमोर पाण्याचा पेला असू द्या. एका मदतनीसाकडे चार-पाचांपेक्षा अधिक माणसे देऊ नका, आणि विस्मरण असलेल्या व्यक्तीच्या समोर न बसता शेजारी बसा, कारण समोरच्याचे हात तिला उलटे दिसतात आणि गोंधळ वाढतो. एका वेळी एकच कृती करून दाखवा. वीस मिनिटांत कोणी थांबले तर थांबू द्यावे.

आणखी एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. ज्येष्ठ घरी गेल्यानंतर त्यांच्या वाती उसवून पुन्हा वळणे, वाकडे टाके काढून सरळ घालणे हे अनेक ठिकाणी चालते, आणि ते चांगल्या हेतूनेच केले जाते. मीसुद्धा पहिल्या वर्षी केले. दुसऱ्या दिवशी एका काकूंनी ते दुपटे हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि काही न बोलता बाजूला ठेवले. त्यानंतर त्यांनी माझ्याकडून सुई घेतली नाही. म्हणून काम जसे होईल तसे राहू द्या. "शाब्बास" आणि टाळ्या नकोत, "आज किती झाल्या?", "ही गाठ तुम्ही कुठे शिकलात?" असे विचारा. फोटो काढायचा असेल तर त्यांना विचारून काढा. पुड्या किंवा रुमाल विकून पैसे आले तर त्यांचे काय करायचे ते बावीस जणांनी ठरवावे आणि हिशेब त्यांच्यातल्याच एखाद्या निवृत्त कारकुनाने ठेवावा.

सोमवारी सकाळी एका टेबलावर काळे कापड, अर्धा किलो कापूस, दोन पाट आणि राखेची वाटी ठेवा. दुसऱ्यावर फाटके पतंग आणि खळ ठेवा आणि कोणालाही बोलावू नका. तुम्ही स्वतः खुर्ची ओढून कापसापाशी बसा आणि वात वळायला लागा, जमत नसेल तर जमत नाही असेच दिसू द्या. खिडकीजवळच्या, चांगला उजेड असलेल्या लहान टेबलावर शाई आणि कापून ठेवलेल्या चिठ्ठ्या असू द्या, आणि गुरुजी आले की कागदी फुलांच्या त्या प्रसंगाबद्दल त्यांची एकदा साधी क्षमा मागून मग त्या चिठ्ठ्यांवर काय लिहावे, हे त्यांनाच विचारा.